आधींच उघडें केलेलें रहस्य

रहस्यकथा वाचणारा माणूस एरवीं कितीहि सुविद्य असला तरी ती वाचीत असतां तो थोडासा ओशाळलेला असतो, असें मला पुष्कळ वेळां दिसून आलें आहे. आगगाडींत कोणीं अशी कादंबरी हातीं घेतलेली असावी आणि समोर ओळखीचे शिक्षक येऊन बसावेत, कीं पुस्तक हळूच मांडीवर पालथें पडतें! हें ओशाळेपण सर्वस्वीं अकारण आहे असें मात्र मला वाटत नाहीं. खुनाच्या कथेंत एक माणूस मेलेला असतो; आणि तो मेला ह्याचें दुःख लेखकास नसतें, वाचकासहि नसतें. प्रेत हें तेथें एका कोड्याचें पहिलें चरण असतें. खून कोणीं केला, हा एकच प्रश्न तीनशें पानें ताणावयाचा, संशयाचा कांटा एकामागून एक पांचसहा पात्रांवर फिरवावयाचा, आणि शेवटच्या प्रकरणांत सर्वांना दिवाणखान्यांत गोळा करून उत्तर सांगून टाकावयाचें, ही ह्या कथेची ठराविक घडण. उत्तर कळलें कीं पुस्तक संपलें. तें दुसऱ्यांदा वाचण्याचें कारण उरत नाहीं. जें दुसऱ्यांदा वाचण्याजोगें नाहीं तें वाङ्मय कीं केवळ करमणूक, हा प्रश्न आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड घरोघर वाचले जात होते तेव्हांहि होता. आज दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रोज रात्रीं कोणी ना कोणी मारला जात असतांना, आणि सबंध कुटुंब तें पाहत जेवीत असतांना, तो अधिकच निकडीचा झाला आहे.

ह्या प्रश्नाचा विचार करावयास अमेरिकेंतील 'कोलंबो' ही मालिका मला फार सोयीची वाटते. (नांव वाचून लंकेंतील शहराची आठवण होईल, त्याच्याशीं हिचा कांहीं संबंध नाहीं. कोलंबो हें लॉस एंजल्स शहरांतील एका पोलीस अधिकाऱ्याचें आडनांव आहे.) रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक ह्या लेखकद्वयानें निर्माण केलेलें हें पात्र १९६० सालीं एका दूरचित्रवाणी-नाट्यांत प्रथम अवतरलें, १९६२ सालीं रंगभूमीवर आलें, आणि १९६८ सालीं पीटर फॉक ह्या नटाच्या अंगीं जें संचरलें तें २००३ पर्यंत त्याचेंच होऊन राहिलें. एकंदर भाग ६९. त्यांपैकीं ४५ हे १९७८ पर्यंतचे. उरलेले २४ दहा वर्षांहून अधिक काळाच्या खंडानंतर, १९८९ पासून पुढचे. फॉक २०११ सालीं वारले. प्रत्येक भाग स्वतंत्र असल्यामुळें कोठूनहि आरंभ करतां येतो; तथापि मीं ते अलीकडे बव्हंशीं क्रमानें पाहिले, आणि पुढील विवेचन त्याचें फळ आहे.

ह्या मालिकेची मुख्य खुबी ही कीं, रूढ अर्थानें तींत रहस्यच नाहीं. भाग सुरू होतो तो खुनी माणसापासून. तो कोण आहे, कोणत्या थाटांत राहतो, त्यास कोणाचा कांटा काढावयाचा आहे आणि कां, तो कोणती युक्ति योजतो, खून कसा करतो, आपण त्या वेळीं भलत्याच ठिकाणीं होतों असा देखावा कसा उभा करतो, हें सगळें आपण पंधरा-वीस मिनिटें सावकाश पाहतों. तोंवर कोलंबोचा पत्ताहि नसतो. मग केव्हां तरी दारांत एक ठेंगणासा, चुरगळलेला बरसाती कोट घातलेला, चिरूट चघळणारा माणूस येऊन उभा राहतो, आणि खुनी त्याच्याकडे पाहून मनांत निर्धास्त होतो. पुढचा सगळा वेळ ह्या दोघांच्या संभाषणाचा. कोणीं केलें हें आपणांस ठाऊक आहे; कोलंबोसहि तें फार लवकर उमगलें असावें असा आपला तर्क असतो. उरतो तो प्रश्न इतकाच कीं, हें सिद्ध व्हावयाचें कसें?

अशी उलटी घडण ह्या दोघांनींच शोधून काढली असें नव्हे. आर. ऑस्टिन फ्रीमन ह्या इंग्रज लेखकानें १९१२ च्या 'द सिंगिंग बोन' ह्या कथासंग्रहांत हा प्रयोग केला होता. परंतु फ्रीमनचा डॉक्टर थॉर्नडाइक हा धुळीचे कण आणि कापडाचे धागे सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरणारा शास्त्रज्ञ आहे. कोलंबो माणसें तपासतो. त्याचा खरा पूर्वज दोस्तोयेव्हस्कीच्या १८६६ सालच्या 'गुन्हा आणि शिक्षा' ह्या कादंबरींतील पोर्फिरी पेट्रोविच होय, आणि हें ऋण लेव्हिन्सन व लिंक ह्यांनीं स्वतःच मान्य केलेलें आहे. रास्कोल्निकोव्हच्या समोर बसून इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलणारा, मध्येंच हंसणारा, आणि त्या हंसण्यानेंच त्या तरुणाच्या जिवाचें पाणी करणारा तो अधिकारी ज्यांनीं वाचला असेल त्यांना कोलंबोची जात ओळखावयास वेळ लागणार नाहीं.

पण मला ह्याहूनहि जुन्या एका गोष्टीची आठवण होते. 'मॅक्बेथ' नाटकांत डंकनचा खून होतो, आणि लगेच किल्ल्याच्या दारावर थापा पडूं लागतात. ह्या थापांचा आपल्या मनावर इतका विलक्षण परिणाम कां व्हावा, ह्याचा विचार डी क्विन्सीनें १८२३ सालच्या एका छोट्या निबंधांत केला. इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांस तो परिचितच आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: सामान्य माणूस खुनाच्या प्रसंगीं बळी पडणाऱ्याच्या बाजूनें विचार करतो, परंतु जीव वांचविण्याची धडपड ही प्राणिमात्राला समान असल्यामुळें तींत कवीला खोदावयास कांहीं नसतें. कवीनें आपली नजर खुनी माणसाच्या अंतःकरणांत वळविली पाहिजे. तेथील खळबळ आपणांस समजली पाहिजे. ती पसंत पडली पाहिजे असें नव्हे. आणि खुनाच्या त्या घटकेपुरतें नेहमींचें जग जें थिजून गेलेलें असतें तें पुन्हा चालूं झालें, ही जाणीव ती दारावरची थाप करून देते.

कोलंबोचें आगमन म्हणजे ही थाप होय. खुनी आपल्या कृत्याच्या निर्वात पोकळींत उभा आहे. सगळें त्याच्या आराखड्याप्रमाणें घडलें आहे. आणि तेवढ्यांत नेहमींचें जग आंत शिरतें. तें खिशांत उकडलेलें अंडें घेऊन येतें, पेन्सिल सांपडत नाहीं म्हणून खिसे चांचपतें, बायकोला आपले चित्रपट फार आवडतात असें सांगतें, मोडकळीस आलेल्या प्यूजो मोटारींत सुस्त कुत्रें बसवून आणतें. ही बायको एकंदर मालिकेंत एकदांहि आपल्या दृष्टीस पडत नाहीं. पण तिच्या आवडीनिवडी आपणांस शेजारणीच्या आवडीनिवडींहून अधिक ठाऊक होतात. ह्या सगळ्या पसाऱ्यास पुष्कळजण विनोदासाठीं केलेली भरताड समजतात. माझ्या मतें तो ह्या रचनेचा कणा आहे. खुनानें नाकारलेलें रोजचें आयुष्य ह्या माणसाच्या रूपानें परत येतें, आणि जातां जातां दारांतून पुन्हा वळून आणखी एक प्रश्न विचारतें.

आधीं सांगून टाकल्यानें कथेंतील गोडी जाते असें ज्यांस वाटतें त्यांनीं आपलीं जुनीं नाटकें आठवावींत. 'मृच्छकटिका'च्या आठव्या अंकांत शकार वसंतसेनेचा गळा आवळतो तो आपल्या डोळ्यांदेखत; नवव्या अंकांत न्यायाधीशापुढें चारुदत्त उभा राहतो तेव्हां खरा गुन्हेगार कोण ह्याविषयीं प्रेक्षकांस तिळमात्र शंका नसते. मैत्रेयाच्या कांखेंतून अलंकार खालीं पडतात आणि निरपराध माणसाविरुद्ध पुरावा पुरा होतो. देवलांच्या रूपांतरामुळें हें कथानक मराठी प्रेक्षकास पाठ झालें, तरी त्या प्रसंगीं त्याचा श्वास अडखळावयाचा राहिला नाहीं. 'मुद्राराक्षसां'त तर राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हातीं कशी आली आणि तो तिचा काय उपयोग करणार ह्याची कल्पना पहिल्या अंकांतच येते. पुढील सहा अंक पाहावयाचें तें जाळें कसें आंवळत जातें तेवढेंच. ज्या प्रेक्षकाला सर्व ठाऊक आहे त्याच्यापुढें अजाण पात्र बोलूं लागलें म्हणजे साध्या वाक्यालाहि दुहेरी अर्थ येतो. 'कोण?' हा प्रश्न काढून घेतला कीं लेखकाला हें सामर्थ्य मिळतें. तो प्रश्न शिल्लक ठेवणाऱ्या लेखकाला खुन्याचें मन शेवटच्या पानापर्यंत झांकूनच ठेवावें लागतें, म्हणजे जें दाखविण्याजोगें तेंच लपवावें लागतें.

आतां कांहीं भागांकडे वळूं. १९७१ सालच्या 'मर्डर बाय द बुक' ह्या भागाचें कथानक वाङ्मयीन मासिकाच्या वाचकांस विशेष रुचावें. दोघे मित्र जोडीनें रहस्यकथा लिहितात. खरें तर लिहितो तो एकच, जिम फेरिस. दुसरा केन फ्रँकलिन मुलाखती देतो, मेजवान्या झोडतो आणि नांव मिरवितो. फेरिस आतां एकट्यानें गंभीर लेखन करावयाचें ठरवितो, आणि फ्रँकलिन त्यास मारून विम्याची रक्कम घेतो. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग त्या वेळीं अवघा चोवीस वर्षांचा होता. पण आरंभींच टाइपरायटरच्या टकटकीशिवाय दुसरा आवाज न ठेवतां त्यानें खुनी मोटारीनें येत असल्याचें दृश्य दाखविलें आहे तें थोर आहे. एक जण लिहीत आहे, दुसरा त्याच्या मृत्यूकडे नेणारा रस्ता कापीत आहे. शेवट तर ह्याहून बोचक. एवढी बिनचूक युक्ति ह्या आळशी माणसाला सुचली असावी हें कोलंबोला पटत नाहीं, आणि शोधतां शोधतां ती मृत लेखकाच्याच कागदांत कथाबीज म्हणून टिपलेली सांपडते. तेव्हां फ्रँकलिन खिन्न होऊन सांगतो कीं, ती कल्पना मुळांत माझीच होती; आयुष्यांत मला सुचलेली एकमेव चांगली कल्पना! ज्यानें जन्मभर दुसऱ्याच्या लेखनावर नांव लावलें त्याला स्वतःचें म्हणून जें एक सुचलें तें खुनाच्या आरोपाखेरीज दुसऱ्या कोणत्याहि मार्गानें आपलें म्हणून सांगतां आलें नाहीं. दोन लेखकांनीं मिळून काढलेल्या मालिकेंत हें कथानक यावें, ह्यांत मला थोडा स्वतःकडेच फेंकलेला कटाक्ष दिसतो.

त्याच वर्षींच्या 'सूटेबल फॉर फ्रेमिंग' ह्या भागांतील खुनी चक्क चित्रकलेचा टीकाकार आहे, हें आम्हां टीकाकार मंडळींस शोभादायक नाहीं खरें. पण त्याचा शेवट सबंध मालिकेंत हातचलाखीच्या दृष्टीनें सर्वांत साफ. चोरीस गेलेलीं चित्रें सांपडतात, त्यांवर कोलंबोच्याच बोटांचे ठसे निघतात, कारण तीं टीकाकाराच्या हातीं असतांनाच त्यानें एकदां चांचपून पाहिलेलीं असतात. "तुम्हीं आतांच हात लावला असेल," असें खुनी ओरडतो. कोलंबो एकहि शब्द न बोलतां खिशांतून दोन्ही हात बाहेर काढतो. हातांत मोजे आहेत. पडदा! एक प्रकारें हा चमत्कारच. टाळी घेणारा, पण टाळीबरोबर विरून जाणारा.

ह्याच्या उलट १९७३ चा 'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म' पाहावा. अरिस्टॉटलनें अभिज्ञानाचे प्रकार सांगतांना बाह्य खुणांनीं पटणारी ओळख सर्वांत हलकी मानली आहे, आणि कथेच्या ओघांतूनच उमलणारी सर्वांत श्रेष्ठ. मोजे ही खूण आहे. 'एनी ओल्ड पोर्ट'मधील उलगडा खुन्याच्या स्वभावांतून निघतो. एड्रियन कार्सिनी हा द्राक्षमद्य बनविणारा रसिक. नफ्याकडे त्याचें लक्ष नाहीं; उत्तम मद्याकरितां तो आयुष्य वेंचतो. सावत्र भाऊ द्राक्षमळा व्यापाऱ्यांना विकूं पाहतो तेव्हां संतापाच्या भरांत कार्सिनी त्यास खालीं पाडतो, मद्याच्या तळघरांत बांधून टाकतो, हवा खेळविणारें यंत्र बंद करतो आणि न्यूयॉर्कला निघून जातो. भाऊ गुदमरून मरतो. परंतु त्या बंद तळघरांत मध्यंतरीं उन्हाचा तडाखा पोंचलेला असतो, आणि त्याची कल्पना कोणासच नसते. पुढें कोलंबो त्यास जेवावयास नेतो आणि त्याच्याच तळघरांतील एक जुनी बाटली गुपचुप त्याच्यापुढें ठेववितो. कार्सिनी एक घोट घेतो आणि भडकतो: हें मद्य उष्णतेनें नासलेलें आहे! दुसऱ्या कोणाच्याहि जिभेला तो फरक कळला नसता. त्याची कबुली त्याच्या जिभेनें दिली, आणि तीहि अभिरुचीच्या अभिमानापायीं. खोटें बोलणें त्यास जमलें असतें; वाईट मद्याला चांगलें म्हणणें जमलें नाहीं. डोनल्ड प्लेझन्स ह्या नटानें हा माणूस असा उभा केला आहे कीं त्याची कीव येते आणि भीतीहि वाटते.

त्यानंतर कार्सिनी आपल्या सगळ्या नासलेल्या बाटल्या समुद्रांत फेंकीत असतो. कोलंबो तेथें पोंचतो, त्यास मोटारींत घालतो, आणि वाटेंत गाडी थांबवून भोजनोत्तर मद्याची एक निवडक बाटली काढतो. ह्या मधल्या काळांत कोलंबोनें मद्याचें शास्त्र शिकून घेतलेलें आहे. तुम्ही फार चांगलें शिकलांत, असें कार्सिनी त्यास म्हणतो. खुनी आणि शोधक ह्यांच्यांतील हा सलोखा कांहीं पाहणाऱ्यांस अनुचित वाटतो. मला वाटत नाहीं. पण तो कोणत्या अटीवर उचित ठरतो ह्याचा विचार पुढें करावा लागेल.

तत्पूर्वीं एक प्रचलित मत बाजूस सारणें जरूर आहे. ही मालिका म्हणजे गरिबानें श्रीमंताचें नाक कापण्याची मौज होय, असें बहुतेक लिहिणारे लिहितात. वरवर पाहतां तें खरेंच आहे. ह्या मालिकेंतील खुनी शस्त्रवैद्य, वाद्यवृंदाचे नायक, नट, वकील असे प्रतिष्ठित असतात. कोलंबो त्यांच्या गालिच्यावर चिरुटाची राख सांडतो आणि आपणांस बरें वाटतें. परंतु एवढ्यानें भागत असतें तर प्रत्येक भाग सारखाच आवडला असता. खुन्यांना गोत्यांत आणणारा दोष संपत्तीचा नसतो. समोरच्या माणसाला बुद्धि असूं शकेल हें त्यांच्या मनांतच येत नाहीं, आणि म्हणून प्रत्येक शंकेला उत्तर पुरविल्यावांचून त्यांना राहवत नाहीं. निर्दोष माणूस "मला ठाऊक नाहीं" असें म्हणून मोकळा होतो. दोषी माणूस हें एक वाक्य सोडून सर्व बोलतो. कोलंबो तीं स्पष्टीकरणें कृतज्ञतेनें टिपून घेतो, आणि एक दिवस दोन स्पष्टीकरणांची एकमेकांशीं गांठ घालून देतो.

कायद्याच्या बाजूनें मात्र ह्या गांठी फार सैल असतात, हें सांगितलेंच पाहिजे. बहुतेक भागांच्या शेवटीं खुनी कोलंबोसमोरच मान खालीं घालतो आणि सगळें संपतें. आपल्याकडील १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचें २५ वें कलम पोलीस अधिकाऱ्यापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करूं देत नसे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली, त्याच्या २३ व्या कलमांतहि तेंच तत्त्व कायम आहे. हा लेफ्टनंट पुण्यास किंवा नागपुरास असता तर कार्सिनीची कबुली न्यायालयांत कवडीमोल ठरली असती. त्यांतून त्याच्या युक्त्या! 'डेथ लेंड्स अ हँड' (१९७१) मध्यें मृत स्त्रीच्या डोळ्यांतील भिंग हरवल्याची हूल तो उठवितो आणि खुन्याची मोटारहि मुद्दाम बिघडवून ठेवतो. 'निगेटिव्ह रिअॅक्शन' (१९७४) मध्यें मूळ छायाचित्र नष्ट झालें असें खोटेंच सांगून तो छायाचित्रकारास इतका चिडवितो कीं, फळीवर मांडलेल्या अनेक कॅमेऱ्यांतून नेमका गुन्ह्यांतला कॅमेरा तो स्वतः उचलून देतो. सरकारी अधिकाऱ्यानें असें खोटें बोलावें काय? चाणक्यानें बनावट पत्र लिहविलें तेव्हां तो राज्य सांवरीत होता. येथें तसें कांहीं नाहीं. मला ह्या प्रकारचे शेवट खटकतात, आणि अनेकदां पाहूनहि ते खटकावयाचे थांबत नाहींत. त्यांच्या बाजूनें इतकेंच म्हणतां येईल कीं, हा सांपळा निर्दोष माणसावर लागूं होत नाहीं. तो कॅमेरा कोणता हें ज्याला ठाऊकच नाहीं तो उचलणार काय?

दोष आणखीहि आहेत. कथानकाची गति मंदावली कीं कोणी तरी खुन्यास गुपित उघड करण्याचा धाक घालून पैसे मागूं लागतो आणि आपणहि मारला जातो, ही क्लृप्ति फार वेळां वापरलेली आहे. हे दुसरे बळी म्हणजे निव्वळ भर असते. १९८९ नंतरच्या भागांविषयीं थोडेंच लिहितों: फॉक म्हातारे झाले ह्याची हरकत नाहीं, पण त्यांच्या लकबी त्यांच्याहून अधिक वेगानें म्हाताऱ्या झाल्या, आणि लेखकांना पूर्वींच्या घडणीवर विश्वास उरला नाहीं. १९९२ च्या 'नो टाइम टु डाय' ह्या भागांत तर खूनच नाहीं. एड मॅक्बेनच्या कादंबरीवरून घेतलेली ती अपहरणाची कथा आहे, आणि तींत कोलंबोच्या कोटांत दुसराच कोणी पोलीस शिरल्यासारखें वाटतें. त्याच्या आधींहि १९७६ सालीं 'लास्ट सॅल्यूट टु द कमोडोर' ह्या भागांत एकदां खुनी शेवटपर्यंत झांकून ठेवण्याचा प्रयोग झाला होता. परिणाम व्हावयाचा तोच झाला. सर्वांना एका खोलींत गोळा करून उलगडा सांगितला जातो, आणि आपण जांभई आंवरतों.

आतां त्या अटीकडे. खुन्याच्या अंतःकरणांत शिरावयाचें तर मेलेल्याचें काय, ही शंका डी क्विन्सीच्या सिद्धांतावरहि घेतां येते. कोलंबो खुन्यांशीं गोड वागतो. त्यांच्यापैकीं कित्येक त्यास मनापासून आवडतात. १९७७ च्या 'ट्राय अँड कॅच मी' मध्यें एका स्त्रीमंडळापुढें बोलण्याचा प्रसंग त्याच्यावर येतो, तेव्हां तो हें बोलूनहि दाखवितो: कांहीं खुनी माणसें मला आवडलीं, त्यांच्या कृत्याबद्दल नव्हे, तर त्यांच्यांत जो हुशार, गमत्या किंवा भला भाग होता त्याबद्दल. हें ऐकणाऱ्यांत त्या भागांतील खुनी, ॲबिगेल मिचेल ही वृद्ध रहस्यकथालेखिका, बसलेली आहे. तिच्या लाडक्या भाचीचा समुद्रांत अंत झाला. तो भाचीच्या नवऱ्यानेंच केला अशी तिची खात्री आहे. म्हणून ती त्यास खोलीएवढ्या तिजोरींत कोंडून गुदमरून मारते. रूथ गॉर्डन ह्या नटीनें तिला असें चेटूक दिलें आहे कीं तिनें सुटावें असें पाहणाऱ्याला वाटूं लागतें. आणि येथेंच ह्या भागाचा खरा कस आहे. त्या तरुणानें खरोखर भाचीला मारलें होतें कीं नाहीं ह्याचा निर्णय मालिका करीत नाहीं. पण त्याला तोंड देते. कोंडला असतांना त्यानें पेट्यांवर ओरखडे ओढलेले असतात. ते जुळवितां त्यांतून बाण निघतो. तो छतावरील दिव्याच्या खोबणीकडे बोट दाखवितो. तेथें लेखिकेच्या हस्तलिखिताचें शीर्षकपान सांपडतें, त्यांतील आरंभींचे शब्द वगळून उरलेल्या शब्दांतून माझा खून ॲबिगेल मिचेलनें केला असा अर्थ निघतो. मेलेल्याची फिर्याद मेलेल्यानें लिहून ठेवली आणि कोलंबोनें ती वाचली.

आपण म्हातारी झालों, हें प्रकरण मिटवून टाका, असें ती त्यास विनविते. तो नकार देतो. त्यांत कठोरपणा नाहीं, आणि लटपटहि नाहीं. तेव्हां ती म्हणते कीं, माझ्या भाचीच्या मृत्यूचा तपास तुमच्याकडे असता तर हें कांहींच घडलें नसतें. कोलंबोच्या गौरवार्थ म्हणून हें वाक्य पुष्कळांनीं सांगितलें आहे. त्यांत आरोपहि आहे. ज्या मृत्यूचा कोणीं नीट तपास केला नाहीं त्यांतून दुसरा मृत्यु निपजला, आणि अटक होत आहे ती एका म्हातारीला. कार्सिनीबरोबर मद्य पिणें उचित ठरतें तें ह्याच कारणानें, कीं मद्य पिऊन झाल्यावर मोटार पोलीस कचेरीकडेच जाते. आवड आणि अटक ह्यांपैकीं कोणतीहि एक सोडली असती तर तो हलका झाला असता.

एकदांच त्यानें अटक पुढें ढकलली. १९७५ चा 'फरगॉटन लेडी' हा भाग मी सर्वांत वर ठेवीन. ग्रेस व्हीलर ही एके काळची नटी पुन्हां रंगभूमीवर येऊं पाहते. वृद्ध डॉक्टर नवरा त्यासाठीं पैसा देण्याचें नाकारतो. ती त्यास झोंपेचें औषध देऊन गोळी घालते आणि आत्महत्येचा देखावा करते. त्या वेळीं घरांत तिचाच जुना चित्रपट चालूं असतो. फीत तुटते, ती जोडावयास ग्रेस जागेवर नसते, चित्रपट संपावयास हवा त्याहून उशीरा संपतो. एवढ्या धाग्यावरून कोलंबो तिच्यापर्यंत येतो. पडद्यावर दिसणारा तो चित्रपट खोटा बनविलेला नाहीं: ग्रेसची भूमिका करणाऱ्या जॅनेट ली ह्यांनीं १९५३ सालीं स्वतः ज्यांत काम केलें होतें तोच तो. बावीस वर्षांपूर्वींचा आपला चेहरा पाहत बसलेली नटी अभिनय किती करीत आहे आणि नुसती पाहत किती आहे, हें सांगणें कठीण. पुढें कोलंबोला कळतें कीं, तिच्या मेंदूंत असाध्य विकार आहे; स्मृति झपाट्यानें जात आहे; आयुष्य थोडेंच उरलें आहे. नवऱ्याला हें ठाऊक होतें आणि त्यानें तें तिच्यापासून लपविलें होतें. श्रमानें ती लवकर मरेल म्हणूनच त्यानें पैसा नाकारला होता. जो तिच्यावर सर्वांत अधिक माया करीत होता त्यालाच तिनें मारलें, आणि आतां मारल्याचें तिला आठवतहि नाहीं.

कोलंबो तिच्या जुन्या सहनटापुढें, नेड डायमंडपुढें, सगळा पुरावा मांडतो. ती तेथेंच आहे, पडद्याकडे पाहत आहे. नेड एकदम म्हणतो कीं, खून मीं केला. ही कबुली मोडावयास फार दिवस लागणार नाहींत, हें कोलंबो त्यास बजावतो. दोन महिने तरी लागतील, असें नेड म्हणतो. कोलंबो त्याच्याकडे पाहतो, लागतील खरे असें कबूल करतो, आणि त्यास घेऊन बाहेर पडतो. खोलींत चित्रपट चालूंच असतो, आणि ग्रेस तो पाहत असते.